ट्रॉम्बोनसाठी म्यूट कसा निवडावा आणि कसा वापरावा

म्यूट म्हणजे ट्रॉम्बोनच्या पुढच्या तोंडात किंवा तोंडावर बसवायचं, आवाज बदलणारं साधन. पहिला म्यूट घ्यायला दुकानात जाल तेव्हा स्वतःचा ट्रॉम्बोन सोबत न्या. रिकाम्या हाताने गेलात आणि खोक्यावरचं नाव वाचून म्यूट आणलात, तर घरी आल्यावर बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर तो फार आत जाऊन रुततो आणि फुंक अडकते, नाहीतर नीट टेकतच नाही. ट्रॉम्बोनच्या पुढच्या रुंद तोंडाला वादक बेल म्हणतात. प्रत्येक बेलचा आतला उतार थोडा वेगळा असतो, म्हणून दुसऱ्याच्या वाद्यात सुरेख बसणारा म्यूट तुमच्या वाद्यात बसेलच असं नाही.

आपल्याकडे ट्रॉम्बोन बहुतेकांनी पाहिलेला असतो तो वरातीच्या बँडमध्ये. तिथे रस्त्यावरच्या गोंगाटात म्यूटचं काही काम नसतं. पण बँडमधून कुणी ऑर्केस्ट्राकडे, जॅझकडे किंवा स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगकडे वळला, की त्याच्यासमोर कागद येतो आणि कागदावर लिहिलेलं असतं ‘कॉन सोर्दिनो’, म्हणजे म्यूट लावून वाजवा. पुढे ‘सेन्झा सोर्दिनो’ किंवा ‘व्हिया सोर्दिनो’ दिसलं की म्यूट काढायचा. जर्मन रचनांमध्ये त्याच जागी ‘डॅम्फर’ हा शब्द असतो, फ्रेंचमध्ये ‘सुर्दीन’. जॅझच्या कागदावर थेट ‘कप’, ‘प्लंजर’, ‘स्ट्रेट’ असं लिहिलेलं सापडतं. नुसतं ‘कॉन सोर्दिनो’ असेल आणि प्रकार दिला नसेल, तर स्ट्रेट म्यूट, म्हणजे साधा शंकूच्या आकाराचा म्यूट, समजायचा.

मोबाइलमुळे म्यूट म्हणजे आवाज बंद, असं आपल्या डोक्यात बसलं आहे. ट्रॉम्बोनचा म्यूट आवाज थोडा कमी करतो हे खरं, पण त्याचं मुख्य काम आवाजाचा रंग बदलणं हे आहे. स्ट्रेट म्यूट आवाजातला खालचा, भरदार भाग दाबतो आणि वरचे टोकदार अंश पुढे जाऊ देतो. म्हणून जोरात फुंकलेला म्यूटचा ट्रॉम्बोन सगळ्या वाद्यांमधून कापत बाहेर येतो. ‘इथे म्यूट आहे म्हणजे हळू वाजवायचं’ असं समजून बारीक फुंकणारे विद्यार्थी मी खूप पाहिले आहेत. कागदावर जोर लिहिला असेल तर म्यूट लावूनही जोरातच वाजवायचं. उलट म्यूट लावल्यावर तोच जोर श्रोत्यांपर्यंत पोचवायला फुंक जास्तच द्यावी लागते.

पायरी १: कोणता म्यूट आधी घ्यायचा ते ठरवा

माझं मत विचाराल तर क्रम असा: स्ट्रेट, मग प्लंजर, मग कप. बाकीचे गरज पडेल तेव्हा.

स्ट्रेट म्यूट म्हणजे पुढचं तोंड बंद असलेला एक शंकू. त्याच्या निमुळत्या टोकाजवळ बुचाच्या तीन पट्ट्या चिकटवलेल्या असतात. या पट्ट्या बेलला टेकतात आणि त्यांच्यामधल्या फटींतून आवाज बाहेर येतो. ॲल्युमिनियमचा स्ट्रेट म्यूट लखलखीत, धारदार वाजतो. फायबरचा म्हणजे जाड पुठ्ठ्यासारख्या पदार्थाचा म्यूट जरा मऊ आणि लाकडी वाजतो, आणि हातातून पडला तर दणका कमी होतो. ऑर्केस्ट्रासाठी ॲल्युमिनियमचा घ्या. जुन्या बिग बँडचा, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदाचा आवाज हवा असेल तर फायबरचा चालतो. फायबरचा घेतलात तर कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तो ओला राहू देऊ नका. वाजवून झाल्यावर आतली वाफ वाळू द्या, मगच पिशवीत टाका.

कप म्यूटमध्ये स्ट्रेट म्यूटच्याच शंकूला पुढे एक वाटी असते. ती बेलच्या तोंडावर झाकणासारखी येते आणि आवाज गोल, घुमा होतो. काही कप म्यूटची वाटी मागेपुढे सरकवता येते. डेनिस विक या ब्रिटिश कंपनीचे असे म्यूट बरेच वादक वापरतात. डेनिस विक स्वतः १९५७ ते १९८८ या काळात लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रात मुख्य ट्रॉम्बोन वादक होते, म्हणजे म्यूटचं डोकं वादकाचंच. वाटी आणि बेलची कड यांच्यात बोटभर अंतर ठेवून सुरुवात करा. अंतर कमी कराल तसा आवाज घुसमटेल, वाढवाल तसा स्ट्रेट म्यूटकडे झुकेल.

हार्मन म्यूट ॲल्युमिनियमचा, फुगीर असतो. त्याच्या बुचाला फटी नसतात, सलग कडं असतं, त्यामुळे सगळी हवा म्यूटच्या आतूनच जाते. त्याच्या मधली नळी काढून वाजवलं की बारीक, गुणगुणता आवाज येतो. नळी ठेवून तिच्यावर हात उघड-बंद केला की ‘वा-वा’. ट्रॉम्बोनवर खालच्या सुरांना हा म्यूट फार अडतो. हौसेने लगेच घेऊ नका.

बकेट म्यूट बेलच्या कडेला चिमट्यांनी अडकवतात. त्यात मऊ भरण असतं आणि आवाज मखमली होतो. घाईत लावणं-काढणं जमत नाही, म्हणून नेमकी गरज पडली तरच घ्या.

पायरी २: बेल मोजा आणि वाजवून तपासा

टेनर ट्रॉम्बोनची बेल साधारण ८ ते ८.५ इंच रुंद असते, बास ट्रॉम्बोनची ९ ते १०. टेनर आणि बासचे म्यूट वेगळे विकले जातात, ते एकमेकांना लावू नका. मापाबद्दल एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कप आणि बकेटसाठी बेलच्या कडेची रुंदी महत्त्वाची असते, स्ट्रेट आणि हार्मनसाठी आतला गळा. सारख्याच रुंदीच्या दोन बेलच्या गळ्यांत स्ट्रेट म्यूट कमी-जास्त खोल बसू शकतो.

दुकानात म्यूट लावून आधी मधल्या पट्टीतला बी फ्लॅट आणि एफ वाजवा. मग हळूहळू खाली उतरा. सातव्या पोझिशनमधल्या (सरकती नळी, म्हणजे स्लाइड, सगळ्यात बाहेर असतानाच्या) खालच्या ई पर्यंत जा आणि सूर कुठे डगमगतो ते ऐका. प्रत्येक म्यूटच्या आत हवेचा स्वतःचा एक कंप असतो. तो एखाद्या खालच्या सुराच्या जवळ आला की तो सूर थरथरतो किंवा लागतच नाही. असा सूर तुमच्या नेहमीच्या वाजवण्यातला असेल तर तो म्यूट ठेवून द्या, मग तो कितीही महाग असो.

यानंतर फोन तीन-चार मीटरवर ठेवून रेकॉर्ड करा. म्यूटचा आवाज वाजवणाऱ्याला एक ऐकू येतो आणि समोरच्याला दुसरा. निर्णय समोरच्या आवाजावर घ्या.

पायरी ३: बूच घासून म्यूट आपल्या बेलला बसवा

ही पायरी बरेच जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. नव्या म्यूटचं बूच पुष्कळदा मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, कारण ते ज्याने-त्याने आपल्या वाद्याप्रमाणे घासून घ्यावं अशी अपेक्षा असते. बूच जाड असेल तर म्यूट उथळ बसतो. फटी मोठ्या राहतात, आवाज मोकळा येतो, पण पकड कच्ची राहते. बूच पातळ केलं की म्यूट खोल जातो, फटी अरुंद होतात, पकड घट्ट होते आणि फुंकायला जड जातं.

बारीक पॉलिश पेपर घ्या आणि तिन्ही पट्ट्या सारख्या घासा. एका पट्टीवर दहा वेळा हात फिरवला तर उरलेल्या दोन्हींवरही दहाच वेळा. दर खेपेला म्यूट लावून वाजवून बघा. घासलेलं बूच परत येत नाही, म्हणून एका बैठकीत काम संपवायचा हट्ट धरू नका, दोन-तीन दिवस घ्या. पट्टी निघून आली तर जुना गोंद खरवडून ती रबरी गोंदाने पुन्हा चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या.

पायरी ४: लावणं आणि काढणं

एकदा एका कार्यक्रमात अगदी हळुवार भागात माझा ॲल्युमिनियमचा म्यूट बेलमधून निसटला आणि लाकडी स्टेजवर पडून लोळत गेला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. त्या दिवशी मी बूच ओलसर न करता म्यूट लावला होता. तेव्हापासून एक सवय कधी मोडली नाही: म्यूट लावण्याआधी बेलच्या आत तोंडाची गरम हवा सोडायची, चष्मा पुसताना काचेवर सोडतो तशी. बेलच्या आत किंचित दमटपणा येतो. मग म्यूट आत घालून थोडा दाबायचा आणि पाव वळण फिरवायचा. बूच घट्ट धरतं. काढताना उलट दिशेने फिरवून सरळ बाहेर ओढा. तिरका खेचलात तर बेलच्या पातळ पत्र्याला त्रास होतो. आणि म्यूट बेलमध्येच ठेवून वाद्य कधीही खाली ठेवू नका.

म्यूट ठेवायची जागा आधी ठरवा. खुर्चीखाली जाड कापड अंथरा किंवा स्टँडला म्यूट होल्डर लावा. काही रचनाकार म्यूट बदलायला दोन-तीन ठोक्यांचाच वेळ देतात. अशा ठिकाणी स्ट्रेट म्यूट मांड्यांमध्ये धरून ठेवतात. सरावात सूर जितक्या वेळा घोटता तितक्याच वेळा हा बदलही घोटा. कागदावर त्या जागेच्या चार ओळी आधी पेन्सिलने खूण करा.

पायरी ५: सूर पुन्हा लावा

म्यूट लावला की सूर हलतो. स्ट्रेट आणि हार्मन म्यूटने तो बहुधा चढतो. बाकीच्या म्यूटचं वागणं बेलप्रमाणे बदलतं, तेव्हा ट्यूनर समोर ठेवून स्वतःच तपासा. ट्रॉम्बोन वादकाचं भाग्य हे की त्याच्या हातात स्लाइड आहे. जी स्लाइड मींड काढते तीच सूर सावरते. सूर चढला तर स्लाइड जरा बाहेर, उतरला तर जरा आत.

अडचण येते ती पहिल्या पोझिशनला. तिथे स्लाइड पूर्ण आत असते, आणखी आत जायला जागा नसते. त्यातही मधल्या पट्टीतला डी मुळातच थोडा उतरा असतो, कारण तो पाचवा नैसर्गिक स्वर (हार्मोनिक) आहे, म्हणजे स्लाइड न हलवता नुसत्या ओठांनी मिळणाऱ्या स्वरांतला पाचवा. एखाद्या म्यूटने सूर उतरत असेल तर हा डी सगळ्यात आधी बेसूर होईल. यावर उपाय असा: मुख्य ट्यूनिंग स्लाइड (सगळ्या वाद्याचा सूर जुळवायची वेगळी नळी) थोडी आत ठेवा आणि तुमची पहिली पोझिशन कायम अर्धा-एक सेंटिमीटर बाहेरच धरा. मग दोन्हीकडे जायला वाव राहतो. म्यूट असो वा नसो, ही सवय चांगलीच आहे.

पायरी ६: प्लंजर

प्लंजर म्हणजे तुंबलेलं सिंक किंवा संडास मोकळं करायचा रबरी पंप. हार्डवेअरच्या दुकानातून नवा आणा आणि दांडा काढून टाका. सिंकचा छोटा पंप ट्रंपेटला पुरतो, ट्रॉम्बोनला मोठा लागतो. रबर मऊ असावं, कडक रबराने मधल्या छटा येत नाहीत.

कागदावर ‘+’ म्हणजे बंद आणि ‘ओ’सारखं गोल चिन्ह म्हणजे उघडा. पूर्ण बंद करू नका, रबराची एक कड बेलला टेकवून दाराच्या बिजागरीसारखं उघडा. तोंडाने ‘ऊ’ आणि ‘आ’ म्हणून बघा, मग तेच हाताने करा. ‘ऊ’कडून ‘आ’कडे जाताना मध्ये जे घडतं त्यातच सगळी मजा आहे, म्हणून सुरुवातीला अगदी सावकाश उघडा.

यात एक शारीरिक पेच आहे. उजवा हात स्लाइडवर अडकलेला असतो, म्हणजे प्लंजर डाव्या हातात, आणि डावा हात तर वाद्य पेलणारा! तेव्हा वाद्याचा भार डाव्या खांद्यावर टेकवा, उजव्या हाताने स्लाइडबरोबर थोडा आधार द्या आणि डाव्या मनगटाने वाद्य सावरा. ज्यांच्या वाद्याला एफ ट्रिगर (डाव्या अंगठ्याने दाबायची, जास्तीची नळी जोडणारी कळ) आहे त्यांचा अंगठाही यात गुंततो, त्यामुळे ट्रिगर वापरता येत नाही. खालचे सूर सहाव्या-सातव्या पोझिशनला घ्यायची तयारी ठेवा. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटांतच खांदा भरून येईल. तेव्हा थांबा.

प्लंजरचं खरं सामर्थ्य ऐकायचं असेल तर अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदातले ट्रॉम्बोन वादक ‘ट्रिकी सॅम’ नॅन्टन ऐका. ते १९२६ ते १९४६ या काळात तिथे होते. बेलमध्ये ट्रंपेटचा छोटा म्यूट, त्यावर प्लंजर आणि घशातून गुरगुर, असं एकत्र करून ते ट्रॉम्बोनला माणसासारखं बोलायला लावत. दुसऱ्या टोकाला इटालियन संगीतकार लुचानो बेरिओ यांची १९६६ ची ‘सेक्वेंझा ५’ ही एकल ट्रॉम्बोनची रचना आहे. तिच्यात प्लंजर कधी किती उघडायचा हेही सुरांबरोबर लिहून दिलेलं आहे. दोन्ही पाठोपाठ ऐका.

फ्लॅटमध्ये सराव करायचा असेल तर

त्यासाठी प्रॅक्टिस म्यूट वेगळा मिळतो. तो बेल जवळजवळ बंद करतो आणि आवाज शेजारच्या घरापर्यंत फारसा जात नाही. यामाहाच्या सायलेंट ब्रासमध्ये तर आत मायक्रोफोन असतो आणि तुम्ही हेडफोनमधून स्वतःला ऐकता. रात्री दहानंतर वाजवायचं असेल तर याला पर्याय नाही. पण यात फुंक परत अंगावर येते, खालचे सूर डळमळतात, आणि रोज फक्त यावरच वाजवलं तर ओठ आणि श्वास दोन्ही आखडतात. पंधरा-वीस मिनिटं यावर वाजवा आणि आठवड्यातून दोनदा तरी मोकळ्या जागी, म्यूट न लावता, पूर्ण आवाजात वाजवा. सोसायटीची गच्ची किंवा शाळेचा रिकामा हॉल, जे मिळेल ते. सकाळी अकरा ते बारा या वेळेबद्दल शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवलंत, तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.