ब्रेक ऑइल पेंटवर सांडलं? फडकं नको, आधी पाणी

मागच्या पावसाळ्याआधी माझ्या बाइकचं पुढचं ब्रेक ऑइल बदलायला गॅरेजमध्ये दिलं होतं, तेव्हा टाकीवर चार थेंब पडले, तिथल्या पोराने लगेच फडक्याने पुसले आणि मलाही वाटलं झालं साफ. संध्याकाळी बघतो तर तिथला रंग सुरकुतलाय, नख लावलं की सोलून येतोय.

आपण त्याला ऑइल म्हणतो ना, तिथेच सगळा घोळ होतो. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ (बाटलीवर लिहिलेले ब्रेक ऑइलचे प्रकार) हे तेल नाहीच, ते ग्लायकॉलच्या जातीचं रसायन आहे, पाण्यात सहज मिसळतं आणि रंगाचा थर मऊ करून फुगवतं. तेलाला पाणी काय करणार असं समजून लोक फडकं घेतात, आणि फडक्याने ते आणखी पसरतं, वर मऊ झालेला रंगही खरवडला जातो. (डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते रंगाला काही करत नाही, पण म्हणून ते डॉट ४ च्या गाडीत ओतायचं नाही हं.)

म्हणून काम सुरू करायच्या आधीच पाण्याची भरलेली बादली आणि मग्गा शेजारी ठेवा. टाकीवर किंवा फेंडरवर नुसतं कापड टाकू नका, ते ऑइल शोषून रंगाला चिकटवूनच ठेवतं, खाली प्लास्टिक आणि त्यावर कापड असं टाका. बाइकवाल्यांनी हँडल असं वळवा की ब्रेक ऑइलची डबी समतल राहील, आणि झाकण उघडं असताना लिव्हर दाबू नका, पिचकारी उडते. ऑइल लागलेल्या हातमोज्यांनी गाडीला हात लावला तरी बोटांचे डाग पडतात, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

आणि सांडलंच तर पहिल्यांदा डबीचं झाकण लावा, कारण आत पाणी गेलं तर ब्रेकची वाट लागते: डॉट ४ चा उत्कलनबिंदू (ते उकळायला लागतं ते तापमान) आत पाणी नसताना किमान २३०° सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर १५५° पर्यंत खाली येऊ शकतो, म्हणजे ब्रेक तापले की ते लवकर उकळतं आणि ब्रेक नीट लागत नाही. मग भरपूर पाणी वरून ओतत राहा, घासू नका, ओघळ कुठे कुठे गेलाय तिथेही ओता, आणि शेवटी कार शाम्पूने हलक्या हाताने धुवा. कंपनीचा भट्टीतला रंग थोडा वेळ तग धरतो, पण लोकल टचअप किंवा स्प्रे कॅनचा रंग फार पटकन उठतो.

बॅटरीच्या आतलं पाणी म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, तिथेही आधी पाणीच, मग खायचा सोडा पाण्यात कालवून लावा, फेस यायचा थांबला की धुऊन टाका. हातमोजे आणि चष्मा घालूनच करा, आणि सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका.

पेट्रोल उडून जातं म्हणून आपण सोडून देतो, पण टाकीच्या झाकणाखाली रोज ओघळलं की पिवळट पट्टा पडतो आणि वॅक्स निघून जातं, त्यामुळे पंपावर ऑटो कट झाला की बस म्हणा, राउंड फिगर करायला लावू नका. कूलंट लगेच काही करत नाही, वाळलं तर मात्र डाग धरतं, धुऊन टाका, जमिनीवर साचलेलंही धुवा कारण ते गोडसर लागतं आणि कुत्री-मांजरं चाटली तर जिवावर बेततं. इंजिन ऑइलची एवढी भीती नाही, त्याच दिवशी शाम्पूने काढलं तरी चालतं.

रंग नुसता मंद पडला असेल तर एकदा कंपाउंड पॉलिश मारून बघा, वरचा क्लिअर कोटच (रंगावरचा पारदर्शक थर) दुखावला असेल तर चमक बऱ्यापैकी परत येते. सुरकुतला असेल तर पॉलिश मारू नका, सोलूही नका, धुऊन पूर्ण वाळू द्या आणि पेंटरला सांगा की इथे ब्रेक ऑइल पडलं होतं, म्हणजे तो मऊ झालेला सगळा थर काढूनच नवा रंग मारेल, नाहीतर नवा रंगही तिथूनच फुगतो.