विद्यापीठाच्या निधीतून संशोधन प्रकल्प : प्रस्ताव कसा तयार करावा?

मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्या अनेकांच्या डोक्यात चांगले विषय असतात, पण देशपातळीवरच्या संस्थांचे अर्ज पाहून ते तिथेच राहतात. पहिल्या प्रकल्पासाठी आपल्याच विद्यापीठाचा निधी मागावा. नॅकच्या (उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या) मूल्यांकनात शिक्षकांना असे ‘सीड मनी’, म्हणजे संशोधन सुरू करण्यासाठीचा निधी, मिळते का, हे विचारले जाते. तेव्हा मागताना संकोच नको.

या निधीबद्दलचे आपल्या विद्यापीठाचे परिपत्रक वाचा. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिवची संलग्न महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे येतात. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीची स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. दोघांचे नियम वेगळे असू शकतात. पात्रता, कमाल रक्कम, मुदत आणि कोणता खर्च चालत नाही, एवढे आधी पाहा. मित्राचा जुना प्रस्ताव समोर ठेवून लिहू नका.

प्रश्न लहान करा. ‘ऊसतोड मजुरांच्या समस्या’ हा विषय झाला, संशोधनाचा प्रश्न नव्हे. ‘आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर गावात मागे राहिलेल्या मुलांची शाळेतली हजेरी किती घटते?’ हा प्रश्न आहे. तो बीड जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्यात, मोजक्या शाळांत तपासता येतो.

वेळापत्रक हंगामाशी जोडा. बहुतेक प्रस्ताव इथे कच्चे राहतात. मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पालकांच्या मुलाखती डिसेंबरात ठेवल्या, तर घरांना कुलूप असेल. म्हणून हजेरीपट हिवाळ्यात, पालकांशी बोलणे मे महिन्यात. दुसरे उदाहरण : नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडच्या बोअरच्या पाण्यातले फ्लोराइड मोजायचे असेल, तर एक नमुना पावसाळ्यापूर्वी, दुसरा पावसाळ्यानंतर हवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरमागे 1 मिलिग्रॅम आहे. पर्यायी स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालते. तुलना कोणत्या आकड्याशी करणार, हे प्रस्तावातच लिहा. असे तपशील वाचले की या माणसाला आपला भाग माहीत आहे, हे प्रस्ताव तपासणाऱ्या समितीला कळते.

अंदाजपत्रक कामातून काढा. आधी रक्कम ठरवून मग ती रकान्यांत वाटू नका. किती गावे, किती फेऱ्या, एसटीने की भाड्याच्या गाडीने, किती नमुने, तपासणीचा दर काय, असा हिशेब मांडा. उपकरणासाठी दरपत्रके जोडा, जीएसटी धरा. लॅपटॉप, प्रिंटर मागण्याचा मोह आवरा. महाविद्यालयात असलेल्या वस्तूंवर समिती हमखास बोट ठेवते.

माणसांची माहिती घेणार असाल, तर नैतिकता समितीची (संशोधनात सहभागी होणाऱ्यांना त्रास होणार नाही, हे पाहणाऱ्या समितीची) मंजुरी आणि संमतिपत्राचा मराठी नमुना लागेल. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती हवी. शाळांची परवानगीपत्रे लवकर मागा, त्यांना वेळ लागतो.

अर्ज प्राचार्यांच्या शिफारशीसह पाठवा आणि आवक क्रमांकाची पोच जपून ठेवा. सादरीकरणाला बोलावले, तर विषयाची महती सांगण्यात वेळ घालवू नका. प्रश्न, पद्धत, खर्च आणि शेवटी हाती काय येणार, एवढे नेमके सांगा.

मंजुरीपत्र आले की पहिल्या दिवसापासून प्रकल्पाची वेगळी खर्चवही ठेवा. प्रत्येक बिलावर तारीख आणि प्रकल्पाचे नाव हवे, खरेदीची नोंद जडवस्तू नोंदवहीत (टिकाऊ वस्तूंच्या ‘डेड स्टॉक रजिस्टर’मध्ये) हवी. 31 मार्चला आर्थिक वर्ष संपते. निधी ठरलेल्या कामासाठीच खर्च झाला, असे सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रासाठी लेखापालांकडे फेब्रुवारीतच जा.