कोल्हापुरात बदली होऊन येताय? मुलांची शाळा निवडताना या चुका टाळा

मार्च संपत आला की आमच्या ऑफिसच्या खिडकीशी तीच वाक्यं ऐकू यायला लागतात. "मॅडम, ह्यांची बदली झालीय, सातवीत जागा आहे का?" अठरा वर्षं मी शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिते, प्रवेशाचे फॉर्म तपासते. पालक बदलतात, त्यांची गावं बदलतात, चुका मात्र त्याच. आणि त्या भोगायच्या असतात पोरांना, म्हणून हे लिहायला बसले.

'सीबीएसई पॅटर्न' या शब्दाला भुलणं

ही चूक माझ्या सख्ख्या बहिणीनं केली. नाशिकहून इकडं आली तेव्हा भाची पाचवीत होती. बहिणीनं मोबाईलवर जाहिरात पाहिली, तिथूनच पैसे भरले आणि मग मला फोन केला. शाळेच्या फलकावर 'सीबीएसई पॅटर्न' असं मोठ्या अक्षरात होतं, पुस्तकं एनसीईआरटीची होती. तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. आठवीच्या शेवटी पालकसभेत सांगितलं की नववीपासून मुलं राज्य मंडळाच्या दुसऱ्या शाळेच्या पटावर जातील. म्हणजे इतकी वर्षं शाळेला सीबीएसईची संलग्नताच नव्हती.

बहीण मग दुसऱ्या शाळांच्या पायऱ्या झिजवत फिरली. सीबीएसईत दहावीच्या परीक्षेसाठीची नोंदणी नववीतच होते, त्यामुळे त्या वर्षी शाळा पटकन जागा देत नाहीत. शेवटी पोरगी राज्य मंडळातच बसली. पहिल्या चाचणीचा मराठीचा पेपर तिनं माझ्यापुढं ठेवला होता. निबंधाच्या जागी चार ओळी होत्या, त्यातली चौथी खोडलेली. गणितात पैकीच्या पैकी घेणारी मुलगी ती. त्या दिवशी ती जेवली नाही.

पॅटर्न म्हणजे मंडळ नव्हे. शाळेत गेलात की संलग्नता क्रमांक मागा आणि तो मंडळाच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. संलग्नता कितवीपर्यंत आहे तेही बघा. शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांकही, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, लिहून घ्या. माझी स्वतःची सवय याहून साधी आहे. मी मागच्या वर्षीच्या दहावीच्या एका गुणपत्रिकेची झेरॉक्स दाखवा म्हणते. नाव झाकलं तरी चालेल, वर मंडळ कोणतं छापलंय तेवढं दिसलं की झालं. दहावीची बॅच नसेल आणि संलग्नतेचं "प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर आलं, तर मी उठते. प्रोसेस पूर्ण होईतो आपलं लेकरू कशाला टांगणीला ठेवायचं?

आधी घर, मग शाळा

पुण्याहून एक कुटुंब आलं होतं, २०१९ साली. वडिलांची कंपनी शिरोली एमआयडीसीत, म्हणून शाळाही तिकडचीच घेतली. फ्लॅट मात्र कळंब्यात, कारण मोठा होता आणि भाडं परवडत होतं. मॅपवर अंतर पाहिलं ते रविवारी रात्री. सकाळी स्कूलबस थांबे घेत सगळं गाव पार करून तावडे हॉटेलवरून हायवेला लागायची. धाकटा दुसरीत होता. त्याला सव्वासहाला बसमध्ये बसवायचे आणि तो घरी आला की बुटासकट सोफ्यावर झोपायचा. ऑक्टोबरात त्याची आई माझ्याकडं आली तेव्हा पिशवीतून डबा काढून दाखवला. चपातीचा रोल तसाच्या तसा होता. बसमध्ये मळमळतं म्हणून तो दुपारपर्यंत काही खातच नव्हता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ता बरेच दिवस बंद राहिला. २०२१च्या जुलैतही तेच झालं. पुण्याच्या माणसाला हे ठाऊक नसणार, मान्य आहे. पण विचारायला काय जातं? शाहूपुरीत, नागाळा पार्कात कुणालाही "इथं पाणी कुठवर आलं होतं?" असं विचारा, भिंतीवर हात ठेवून दाखवतील.

माझं मत पक्कं आहे. चौथीपर्यंतच्या मुलाला एका बाजूनं अर्ध्या तासापेक्षा जास्त बस नको, मग शाळा कितीही नावाजलेली असो. शाळा नक्की करा, मगच घराचा अकरा महिन्यांचा करार करा. आणि करारापूर्वी एकदा कामाच्या दिवशी गाडी काढून स्कूलबसच्या मागोमाग शाळेपर्यंत जा. एक सकाळ जाईल, पण वर्षभराचं चित्र कळेल.

दाखला न वाचता पिशवीत टाकणं

जुन्या शाळेच्या खिडकीवरून हलायच्या आधी शाळा सोडल्याचा दाखला वाचा. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, जात, जनरल रजिस्टर नंबर, शेवटची इयत्ता, सगळं आधार कार्डाशी ताडून बघा. एका मुलीच्या दाखल्यावर अंकात १२ आणि अक्षरात 'एकवीस' होतं. मूल त्या शाळेत असेपर्यंत दुरुस्ती होते. शाळा सोडल्यावर मात्र हेलपाटेच हेलपाटे. परराज्यातून येत असाल तर दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच या, बेळगावाहून येणारे हे हमखास विसरतात. आणि जुन्या शाळेतल्या कुणाचा तरी मोबाईल नंबर जवळ ठेवा. आम्ही ऑनलाइन ट्रान्सफरची रिक्वेस्ट टाकतो, ती त्यांनी मान्य केल्याशिवाय मूल आमच्या ऑनलाइन पटावर दिसत नाही.

दाखला यायला उशीर झाला तरी घाबरू नका. पहिली ते आठवीत केवळ त्या कारणानं प्रवेश अडवता येत नाही, २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातच तसं आहे.

पहिलीत घालायचं असेल तर महाराष्ट्रात ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हा हिशोब आहे. तुमच्या राज्यातली तारीख इथं चालत नाही.

मराठी न येणारं मूल असेल तर प्रवेशाच्या दिवशीच विचारा, त्याला मराठी कोण आणि कधी शिकवणार. २०२०च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, "नंतर बघू" म्हणून ती सुटत नाही.

डोनेशन रोखीनं आणि पावतीशिवाय कुणी मागितलं तर देऊ नका.

महापालिकेची शाळा म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते याच संस्थानात. जरगनगरच्या महापालिका शाळेत गुढीपाडव्याला प्रवेशासाठी पालकांच्या रांगा लागतात. आत जाऊन बघा, मग नको म्हणा. सेमी-इंग्रजीचंही तसंच. गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी मराठीत शिकून बारावी सायन्सला न अडखळणारी मुलं मी दरवर्षी बघते.

सगळ्यात घाई करतात ते "एका दिवसात तीन शाळा बघून संध्याकाळच्या गाडीनं परत" म्हणणारे. त्यांना दिसतं रिसेप्शन आणि टॉपरांचे फलक. मी सांगते, फक्त एकच शाळा बघा, पण ती सुटायच्या वेळी. गेटबाहेर अर्धा तास उभं राहा. पोरं कशी बाहेर येतात, शिपाईमामा त्यांना नावानं हाक मारतात का, बाई रस्ता ओलांडून देतात का, पाण्याच्या नळाशी काय चाललंय, सगळं दिसतं. सोबत मुलालाही घेऊन जा. परतताना त्याला विचारा, "तिथं तुला काय दिसलं?" आणि तो बोलेल ते मध्ये न तोडता ऐका. माझी भाची आता अकरावीत आहे. परवा ती मला म्हणाली, "मावशी, त्या शाळेला मैदानच नव्हतं, मी पहिल्या दिवशीच आईला सांगितलं होतं."