सुपरहिरोंचं ग्राफिक नॉव्हेल वाचनमंडळात घेताना

वाचनमंडळात सुपरहिरोच्या ग्राफिक नॉव्हेलचं, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकाचं, नाव निघालं की ‘ते पोरांचं’ म्हणून विषय बाजूला पडतो. या समजाला इतिहास आहे. अमेरिकेत १९५४ साली प्रकाशकांनी स्वतःवर कॉमिक्स कोड, म्हणजे काय छापायचं नाही याची नियमावली, लादून घेतला आणि पुढं बरीच वर्षं या पुस्तकांत मोठ्या माणसांचं जग फारसं शिरलंच नाही. १९८६च्या आसपास चित्र पालटलं. तेव्हापासूनची निवडक पुस्तकं चांगल्या कादंबरीइतकीच लक्ष देऊन वाचण्याजोगी आहेत. मात्र ती कादंबरीसारखी वाचली तर निम्मी हातातून निसटतात. त्यांचं वाङ्मयीन मोल कथानकात थोडं आणि पानाच्या रचनेत जास्त असतं.

पहिली शंका हमखास येते ती पात्रांबद्दल: सुपरमॅन १९३८चा, बॅटमॅन १९३९चा, त्यांत नवं काय? दशावतारी काला पाहणाऱ्या गोमंतकीय वाचकाला याचं उत्तर आधीच माहीत आहे. संकासूर आला की तो कोण हे कुणी विचारत नाही. लोक जागतात ते आजचा नट त्या सोंगाचं काय करतो हे पाहायला. तयार सोंग घेऊन लेखक-चित्रकारांनी काय केलं, एवढंच इथंही तपासायचं.

पुस्तक उघडण्याआधी एक सराव करा. पणजीच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात भिंतीवर निळ्या-पांढऱ्या आझुलेजो टाइल्स आहेत आणि त्यांवर कामोंइशच्या पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग रंगवलेले आहेत. पुस्तक न उघडता वीरकथा चित्रांतून वाचायची ही चांगली जागा. शेजारशेजारचे दोन प्रसंग निवडा, पाच मिनिटं गप्प राहून बघा आणि मधल्या रिकाम्या जागेत काय घडलं असेल ते प्रत्येकानं दोन ओळींत लिहा. उत्तरं जुळणार नाहीत. ग्राफिक नॉव्हेलमध्ये दोन चौकटींमधली पांढरी फट हेच काम करते. तिथली कृती चित्रकार काढत नाही, वाचक आपल्या मनात घडवतो. ही फट वाचायला जमली की बाकीचं सोपं.

सुरुवात लहान पुस्तकानं करा. ‘बॅटमॅन: इयर वन’ (१९८७, लेखन फ्रँक मिलर, चित्रं डेव्हिड मॅझुकेली, रंग रिचमंड लुईस) मूळ चार अंकांचं, शंभरेक पानांचं आणि स्वयंपूर्ण आहे. आधीचं काही वाचलेलं असावं लागत नाही. त्याची पहिली दोन पानंच एका बैठकीला पुरतात. पोलीस अधिकारी गॉर्डन रेल्वेनं गॉथम या काल्पनिक शहरात येतो आणि विमानानं आलो असतो तर बरं झालं असतं असं त्याला वाटतं. श्रीमंत ब्रूस वेन, म्हणजे पुढचा बॅटमॅन, विमानातून उतरतो आणि त्याला वाटतं, रेल्वेनं यायला हवं होतं. एकच शहर, दोन उंचीवरून पाहिलेलं. दोघांच्या निवेदनाच्या चौकटी वेगळ्या अक्षरांत आहेत, ब्रूसची अक्षरं हस्तलिखितासारखी. मजकुराचा अर्थ न लावता नुसत्या अक्षरावरून ‘हा कोण बोलतोय’ ते ओळखत पुस्तक एकदा चाळा. निवेदक बदलल्याची खूण इथं डोळ्यांना कशी मिळते ते ध्यानात येईल.

त्यानंतर ‘वॉचमेन’. १९८६-८७मध्ये बारा अंकांत आलेलं, अ‍ॅलन मूर यांनी लिहिलेलं, डेव्ह गिबन्स यांनी रेखाटलेलं आणि जॉन हिगिन्स यांनी रंगवलेलं हे पुस्तक सुमारे चारशे पानांचं आहे. चार बैठका ठेवा, प्रत्येकीला तीन प्रकरणं. दर बैठकीआधी घरी दोन वाचनं हवीत. पहिलं सलग, गोष्टीसाठी. दुसऱ्या वेळी संवादांचे फुगे कागदाच्या पट्टीनं झाकून फक्त चित्रं बघायची, एका पानाला किमान अर्धं मिनिट. दुसऱ्या वाचनाला लोक कंटाळा करतात आणि मग बैठकीत सगळी चर्चा ‘खुनी कोण’ यावरच फिरते. एक सूचना आधीच द्या: दुसऱ्या प्रकरणात बलात्काराच्या प्रयत्नाचा प्रसंग आहे. सभासदांना तो अचानक समोर येऊ देऊ नका.

पहिल्या बैठकीत पहिल्याच पानावर थांबा. नऊ चौकटींची जाळी, तीन ओळी, पण शेवटच्या ओळीत तीन चौकटींची जागा एका रुंद चौकटीनं घेतली आहे. रस्त्यालगतच्या रक्तातल्या पिवळ्या बिल्ल्यापासून नजर सरळ वर चढत जाते. पूर्ण पुस्तकाचा ठेका या जाळीवर चालतो, जसा अभंगाचा चरणांवर. चौकटी कुठं एकत्र केल्या, कुठं पुन्हा नऊ झाल्या, हे पेन्सिलीनं समासात टिपा. बाराव्या प्रकरणाची सुरुवात सलग सहा पूर्ण-पानी चित्रांनी होते. नऊ चौकटींची सवय झालेल्या डोळ्यांना ती पानं आघातासारखी लागतात. जाळीकडं दुर्लक्ष करून आलेल्या वाचकाला ती फक्त मोठी चित्रं दिसतात.

दुसरी बैठक सर्वांत समृद्ध, तिला वेळ जास्त द्या. चौथं प्रकरण डॉक्टर मॅनहॅटन या अतिमानवी शक्तीच्या पात्राचं. त्याला भूत, वर्तमान, भविष्य एकाच वेळी दिसतं. गद्यात ही गोष्ट सांगता येते, पण वाक्यं एकामागून एकच येणार. छापील पानावर मात्र १९५९ आणि १९८५ शेजारशेजार उभे असतात आणि वाचकाची नजर दोन्ही एकदमच पाहते. म्हणजे त्या क्षणी वाचक मॅनहॅटनसारखाच काळ पाहत असतो. आशय आणि माध्यम इतके एकजीव झालेले मराठी वाचकाने क्वचित कवितेत पाहिले असतील. पाचवं प्रकरण २८ पानांचं आहे आणि त्याची रचना आरशासारखी आहे: पहिलं पान अठ्ठाविसाव्याशी जुळतं, दुसरं सत्ताविसाव्याशी, आणि मध्ये १४-१५ ही समोरासमोरची पानं. दोघांनी दोन प्रती घ्याव्यात, एकानं पुढून आणि एकानं मागून पानं उलटावीत, आणि जुळणी तोंडानं सांगत जावी. वीस मिनिटांत होतं.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी, बारावं सोडून, गद्य कागदपत्रं आहेत: आत्मचरित्रातला भाग, अहवाल, लेख. परिशिष्ट समजून ती गाळली तर पात्रांचा निम्मा भूतकाळ गेलाच. फुग्यांकडंही बघा. मुखवटा घातलेल्या रॉरशाक या पात्राच्या फुग्याची कड वेडीवाकडी आहे, त्याच्या आधीच्या आयुष्यात ती साधी आहे. मनातले विचार दाखवणारे ढगासारखे फुगे या पुस्तकात नाहीत, त्यामुळं माणसं काय विचार करतात हे चेहऱ्यावरून आणि वस्तूंवरून काढावं लागतं. रंगांत जांभळा, हिरवा, नारिंगी पुढं आहेत. सुपरहिरोंचे ठरलेले लाल-निळे-पिवळे मागं राहिले की पानाचा भाव कसा बदलतो, यावर बोलता येतं.

मोठ्यानं वाचन करू नका. एकजण फुगे वाचतो, बाकीचे ऐकतात आणि चित्र कुणीच पाहत नाही. मजकूर इंग्रजीतून मनात वाचावा, चर्चा मराठीतून करावी. उतारा सांगताना पान आणि चौकट सांगा: ‘सातवं पान, मधली ओळ, तिसरी चौकट’. नुसतं ‘तो मारामारीचा प्रसंग’ म्हटलं की दहा मिनिटं शोधण्यात जातात.

फोनवर हे पुस्तक वाचू नये. अ‍ॅप एकेक चौकट मोठी करून दाखवतं, म्हणजे पान उरतच नाही. टॅबलेट घ्यायचाच तर दहा इंचांच्या आसपासचा, आणि दोन पानं एकत्र दिसण्याची सोय चालू ठेवा. मुखपृष्ठाची मोजणी चुकली तर जोड्या एका पानानं सरकतात. पाचव्या प्रकरणातली १४-१५ ही पानं समोरासमोर येतात का, हे आधी तपासा. सहा-आठ जणांना छापील दोन प्रती पुरतात, मात्र वाचनाला तीन आठवडे द्या.

पुढची पुस्तकं मंडळाच्या आवडीवर. ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ (१९८६) मध्ये ५५ वर्षांचा बॅटमॅन आहे आणि सोळा चौकटींच्या जाळीत टीव्हीचे पडदे कोरससारखे बोलत राहतात. त्यातलं राजकारण वादग्रस्त आहे, पानरचना मात्र अव्वल, आणि दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या बोलायला हव्यात. ‘ऑल-स्टार सुपरमॅन’च्या पहिल्या पानावर चार चौकटी आणि आठ शब्दांत पूर्ण जन्मकथा येते, संक्षेप शिकवायला याहून चांगलं पान मिळणार नाही. घरसंसाराची शोकांतिका हवी असेल तर ‘द व्हिजन’ (२०१५-१६). ‘द किलिंग जोक’ (१९८८) पहिल्या वर्षात नको: गॉर्डनची मुलगी बार्बरा हिच्यावर गोळी झाडली जाते ती केवळ पुरुषांची कथा पुढं ढकलायला, आणि नव्या वाचकाचं या प्रकाराबद्दल वाईट मत तिथंच पक्कं होतं. अनेक मालिका जोडलेले ‘महासंग्राम’ प्रकारचे खंडही टाळा, त्यांना डझनभर पुस्तकांची पार्श्वभूमी लागते.

पुस्तक निवडताना एकच कसोटी लावा. ही गोष्ट नुसत्या गद्यात लिहिली तर काय गमवावं लागेल? उत्तरात ठराविक पान आणि ठराविक चौकट सांगता आली, तर घ्या. ‘मारामारी छान आहे’ एवढंच सांगता आलं, तर सोडा.

जून ते सप्टेंबर प्रती सांभाळाव्या लागतात. गुळगुळीत कागद दमटपणा पटकन धरतो आणि भिजून तसाच सुकला तर पानं एकमेकांना चिकटतात, मग ओढली की चित्र निघून येतं. कपाट बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. प्रती हवाबंद डब्यात ठेवत असाल तर त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या ओलसर झाल्या की बदला. प्रत भिजलीच तर उन्हात टाकू नका. ओली असतानाच दर दोन पानांमध्ये बटर पेपर घाला आणि पंख्याखाली उभी ठेवा.