लाइट, खारी हवा की केबल? लिनक्सचा कर्नल लॉग कसा वाचावा

कोकणपट्टीत कॉम्प्युटर बिघडला की पहिला संशय लाइटवर जातो आणि दुसरा खाऱ्या हवेवर. बहुतेक वेळा तो खराही असतो, पण नुसत्या संशयावर प्रिंटर बदलून उपयोग नसतो. मशीन उचलून कणकवलीला किंवा रत्नागिरीला न्यायचं, तिथे ते निमूट चालतं, आणि परत आणून जागेवर लावलं की पुन्हा तेच. मशीनमध्ये लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असेल, मग ते उबंटू असो, मिंट असो की डेबियन, तर ही खेप बऱ्याचदा वाचवता येते. कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा हार्डवेअरशी थेट बोलणारा गाभा. कुठल्या पोर्टात काय लागलं, काय तुटलं, कुठली डिस्क वाचता आली नाही, हे तो क्षणाक्षणाला लिहून ठेवतो. ही नोंद म्हणजे कर्नल लॉग. ती दाखवणारी आज्ञा म्हणजे डीमेसेज, आणि ती लिनक्समध्ये आधीपासूनच असते.

आज्ञा इथे फोनवर सांगाव्यात तशा अक्षराअक्षराने दिल्या आहेत. अक्षरं इंग्रजी, सगळी लहान. ‘मोठा’ म्हटलं तरच कॅपिटल. ‘डॅश’ म्हणजे वजाचं चिन्ह, आणि ते पुढच्या अक्षराला चिकटून येतं.

कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबून टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. डेबियनवर हे चाललं नाही तर मेनूतून उघडा. त्यात डी एम ई एस जी टाइप करून एंटर मारा. ओळींचा पाऊस पडला तर उत्तम. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असं आलं तर आधी एस यू डी ओ, स्पेस, आणि मग तीच आज्ञा. पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नाही, टाइप करत राहा.

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात एक आकडा दिसेल, समजा 4312.55. मशीन सुरू झाल्यापासूनचे हे सेकंद, म्हणजे साधारण एक तास बारा मिनिटं. घड्याळाची वेळ हवी असेल तर आज्ञेनंतर स्पेस, डॅश, मोठा टी. मात्र लॅपटॉप मध्ये झोपून उठला असेल तर ही वेळ चुकीची असू शकते. तेव्हा सेकंदांवरच भरवसा ठेवावा.

आता खरं काम. बिघाड घडून गेल्यावर लॉग उपसण्यापेक्षा तो घडताना बघावा. त्यासाठी आज्ञेनंतर स्पेस, डॅश, डब्ल्यू. आज्ञा संपत नाही, नवी ओळ आली की तिथेच उमटते. थांबवायला कंट्रोल आणि सी.

समजा, जेटीजवळच्या मासळीच्या दुकानात बिलाचा यूएसबी प्रिंटर मधूनच गप्प होतो. टर्मिनल उघडं ठेवून गिऱ्हाईक करत राहा. प्रिंटर गप्प झाला की शेवटच्या ओळी वाचा. ‘यूएसबी डिस्कनेक्ट, डिव्हाइस नंबर 7’ एवढं एकच असेल तर मशीनच्या दृष्टीने कुणीतरी केबल उपटली. पण त्याआधी ‘डिसेबल्ड बाय हब’ आणि पुढे प्रश्नचिन्हासह ‘ईएमआय’ दिसलं तर कान टवकारा. हा हप्त्याचा ईएमआय नव्हे, विजेच्या उपकरणांनी केलेला विद्युतचुंबकीय व्यत्यय. प्रश्नचिन्ह कर्नलचंच आहे, त्यालाही खात्री नसते. ती तुम्ही करायची: ओळ उमटली त्याच क्षणी डीप फ्रीझरचा कॉम्प्रेसर सुरू झाला का? दोन-तीनदा जुळलं तर प्रिंटर बहुधा निर्दोष आहे. त्याला फ्रीझरच्या बोर्डवरून काढून वेगळ्या सॉकेटला लावा, केबल आखूड आणि जाड घ्या, आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. जांभ्याच्या सड्यावर उन्हाळ्यात जमीन कोरडी ठणठणीत होते, मग अर्थिंगही कमकुवत पडतं.

‘एरर -71’ किंवा ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड’ अशा ओळी पुन्हा पुन्हा येत असतील तर बोलणं सुरू होतंय पण शब्द फाटके पोचतायत. इथे आपली खारी हवा आठवावी. टॉर्चने पोर्टात बघा. पिनांवर हिरवट कळंक चढला असेल तर मशीन पूर्ण बंद करून, प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करा आणि वाळू द्या. ‘ओव्हर-करंट कंडिशन’ ही ओळ त्याहून गंभीर. पोर्टात शॉर्ट असू शकतो. ते पोर्ट वापरणं थांबवा.

बाहेरच्या हार्ड डिस्कच्या बाबतीत ओळींचा क्रम बघावा. ‘आय/ओ एरर’, म्हणजे वाचता-लिहिता न आल्याची तक्रार, वाचलं की लोक डिस्क गेली म्हणून कपाळाला हात लावतात. थोडं वर जा. आधी डिस्कनेक्ट आणि मग आय/ओ एरर, तर दोष बहुधा केबलचा किंवा पोर्टचा: डिस्क निघून गेल्यावर तिच्याकडून उत्तर कसं यावं? डिस्कनेक्ट कुठेच नाही आणि ‘क्रिटिकल मीडियम एरर’ आहे, तर डिस्क स्वतःच खराब होतेय. मग चाचण्या करत बसू नका, आधी फोटो आणि हिशेब दुसरीकडे उतरवून घ्या.

फक्त तक्रारी बघायच्या तर आज्ञेनंतर स्पेस, डॅश, एल, स्पेस, ई आर आर, स्वल्पविराम, डब्ल्यू ए आर एन. धडधाकट मशीनवरही इथे काही ओळी असतातच, विशेषतः एसीपीआय (वीज-नियंत्रणाची व्यवस्था) आणि बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) यांच्या. बिघाडाच्या वेळेशी जुळत नसतील तर सोडून द्या. डॅशनंतर लहान सी मात्र लावू नका, त्याने लॉग दाखवून पुसला जातो.

पावसाळ्यातला प्रश्न वेगळा: लाइट गेली, मशीन बंद पडलं, की ते आधीच मेलं होतं? डीमेसेज इथे कामाचं नाही, कारण त्याची नोंद मेमरीत असते आणि बंद होताच जाते. चालू मशीनवरही जागा ठरलेलीच, बहुधा 128 किंवा 256 केबी. ती भरली की जुन्या ओळींवर नव्या चढतात. मशीन मागच्या वेळी चालू होतं तेव्हाच्या नोंदीसाठी जे ओ यू आर एन ए एल सी टी एल, स्पेस, डॅश बी, स्पेस, डॅश 1, स्पेस, डॅश ई. शेवटी ‘जर्नल स्टॉप्ड’ असेल तर मशीन रीतसर बंद झालं. ओळी मधेच तुटल्या असतील तर वीज गेली किंवा मशीन गोठलं. कोणतं ते शेजारच्या घरातले दिवे सांगतील. बाहेर पडायला क्यू. पुढच्या सुरुवातीला ‘ईएक्सटी4’च्या ओळीत ‘रिकव्हरी कम्प्लीट’ दिसलं तर घाबरू नका, डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या फाइल सिस्टिमने स्वतःला सावरलंय.

कर्नलमधलं एकेक फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एकेक तुकडा, कधी चाललं इतक्या खोलात जायचं तर एफट्रेस आहे, 2008 मधल्या 2.6.27 आवृत्तीपासून, आणि ते चालवायला ट्रेस-सीएमडी. प्रिंटरसाठी ते उघडू नका. ओळींच्या ढिगात हरवून जाल.

कुणा जाणकाराला लॉग पाठवायचा असेल तर पडद्याचा फोटो नको, त्यात हवी ती ओळ हमखास कापली जाते. पूर्ण आज्ञेनंतर स्पेस, ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह, स्पेस, आणि एल ओ जी डॉट टी एक्स टी लिहा. त्याच नावाची फाइल तुमच्या होम फोल्डरमध्ये तयार होईल, ती व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून जाते. पाठवण्याआधी ‘सीरियल नंबर’ लिहिलेल्या ओळी काढा आणि बिघाडाच्या आगेमागे पाच-दहा मिनिटांच्या ओळी ठेवा. सोबत दोन गोष्टी लिहा: बिघाड नेमका किती वाजता झाला, आणि तेव्हा आजूबाजूला काय चालू होतं.