बोटीवरून पाण्यात पडलात तर? बीकन घेताना या चुका टाळा

नागपुरात समुद्र नाही, पण मर्चंट नेव्हीत गेलेलं पोरगं प्रत्येक मोहल्ल्यात सापडेल, आणि मुंबई-गोवा सेलिंगला क्रू म्हणून जाणारेही आहेत. हे लोक ऑनलाइन बीकन, म्हणजे पाण्यात पडल्यावर तुमची जागा कळवणारं छोटं यंत्र, शोधतात, स्टार पाहतात आणि स्वस्त दिसलं ते मागवून मोकळे होतात. अरे भाऊ, आधी एवढं तर ठरवा की पाण्यात पडल्यावर तुम्हाला बाहेर काढणार कोण? तुमचीच बोट की कोस्ट गार्ड? सगळी खरेदी त्यावर अवलंबून आहे.

पहिला प्रकार पीएलबी, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन. हा 406 मेगाहर्ट्झवर सॅटेलाइटला सिग्नल देतो. भारताच्या हद्दीतला सिग्नल बंगळुरूला इस्रोच्या मिशन कंट्रोल सेंटरला जातो, तिथून कोस्ट गार्डच्या रेस्क्यू सेंटरला, मग फोनाफोनी, मग जहाज नाहीतर हेलिकॉप्टर. जगात कुठूनही चालतो, पण मदत यायला तास लागू शकतात, आणि ज्या बोटीवरून तुम्ही पडले तिच्या स्क्रीनवर साध्या पीएलबीमुळे काहीच दिसत नाही. दुसरा प्रकार एआयएस एमओबी बीकन (एआयएस म्हणजे जहाजं एकमेकांना आपली जागा कळवतात ती रेडिओ यंत्रणा, एमओबी म्हणजे मॅन ओव्हरबोर्ड, पाण्यात पडलेला माणूस). हा सॅटेलाइटच्या भानगडीत पडत नाही, जीपीएस लागला की तुमची जागा थेट आजूबाजूच्या जहाजांच्या प्लॉटरवर, म्हणजे नकाशाच्या स्क्रीनवर, पाठवतो. रेंज काही मैलांचीच, पण सहा नॉटने चाललेली बोट दहा मिनिटांत एक सागरी मैल म्हणजे जवळपास 1.85 किलोमीटर पुढं निघून जाते आणि लाटांमध्ये माणसाचं डोकं त्याच्या कितीतरी आधी दिसेनासं होतं. म्हणून बोटीवर चार लोक असतील तर माझं मत सरळ आहे, पहिले एआयएसवाला घ्या. एकटे जात असाल तर पीएलबीच, कारण बोट वळवायला मागं कोणीच नाही. दोन्ही एकात असलेली मॉडेलं पण मिळतात, बजेट असेल तर विषयच संपला.

आता एआयएसवाला घेतला पण बोटीवर एआयएस रिसीव्हरच नाही, हे पण पाहिलं आहे. किंवा रिसीव्हर आहे पण जुना प्लॉटर त्या सिग्नलला साधं जहाज समजून गप्प बसतो, अलार्म काही वाजत नाही. या बीकनचा नंबर 972 ने सुरू होतो, तो ओळखून अलार्म देणारं सेटिंग आहे का ते किनाऱ्यावरच पाहून घ्या. टेस्ट करताना प्लॉटरवर काहीच दिसत नसेल तर बीकन खराब आहे म्हणून लगेच परत पाठवू नका, बऱ्याच प्लॉटरमध्ये टेस्ट मेसेज लपवलेले असतात. आणि टेस्ट मोकळ्या आकाशाखाली करा, केबिनमध्ये बसून जीपीएस लागत नाही म्हणून बोंबलण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त घोळ बसवण्यात होतो. बीकन बॅगेत ठेवला तर तो बॅगेलाच वाचवेल. फुगणाऱ्या लाइफजॅकेटच्या आत, तोंडानं हवा भरायच्या नळीला क्लिप करतात आणि त्याची पट्टी फुग्याला अशी बांधतात की जॅकेट फुगलं की पट्टी ताणली जाऊन बीकन आपोआप चालू होतो. पट्टी ढिली राहिली तर जॅकेट फुगेल पण बीकन झोपलेलाच राहील, आणि घडी उलटी घातली तर अँटेना जॅकेटखाली दबेल. घरी एकदा तोंडानं जॅकेट फुगवून पाहा, पण आधी मॅन्युअलप्रमाणे पट्टी सोडून ठेवा, नाहीतर दिवाणखान्यातून खरा अलर्ट जाईल. पीएलबी तर बहुतेक हातानंच चालू करावा लागतो, अँटेना उघडून पाण्याबाहेर आकाशाकडे धरून ठेवावी लागते आणि जीपीएसच्या जागेवर हाताचं बोट ठेवायचं नाही. थंडीनं बधिर झालेल्या एका हातानं हे जमतं का, दुकानातच करून पाहा (चालू न करता, अर्थात).

परदेशातून भावाकडून मागवलेल्या पीएलबीमध्ये त्या देशाचा कोड असतो, म्हणजे अलर्टसोबत तुमची माहिती शोधायला लोक त्या देशाच्या नोंदीत जाणार. विकत घेतानाच भारताचा कोड आहे का विचारा, वायरलेस परवानगीचा कागद मागा आणि बंगळुरूला रजिस्टर करा. इमर्जन्सी नंबर म्हणून आईचा दिला असेल तर तिला सांगून ठेवा, कारण मुंबई-बंगळुरूचा अनोळखी लँडलाइन दिसला की आपल्या घरी काऊन फोन आला म्हणून विचारत नाहीत, लोनवाला समजून कापतात. तुम्ही कोणत्या बोटीवर आहात, कुठून कुठं चालले, हे तिच्याकडे लिहून असू द्या. सॅटेलाइट मेसेंजर घेऊ का असं पण विचारतात, तर भारतात तो परवानगीशिवाय बाळगल्यामुळे एअरपोर्टवर लोक अडकले आहेत, त्या नादी लागू नका.

सेकंडहँड घेताना बॅटरीची तारीख पाहा. पीएलबीची बॅटरी निदान 24 तास सिग्नल देईल अशी असते, पण एक्स्पायरी उलटली तर ती हमी संपली. सीताबर्डीवर मोबाइल उघडतात तसा हा उघडून घेऊ नका, सील गेलं की पहिल्याच लाटेत पाणी आत, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच पाठवा.

आणि अंबाझरी तलावावर जाऊन मित्रांना दाखवायला मेन बटन दाबू नका, सेल्फ-टेस्टचं बटन वेगळं असतं आणि ते पण सांगितलं तेवढ्याच वेळा. चुकून चालू झालाच तर लगेच बंद करा आणि कोस्ट गार्डला 1554 वर फोन करून सांगा. घाबरून तसाच कपाटात लपवला तर तिकडं शोध चालूच राहील.