खरीप पेरणीपूर्वी हवामान मॉडेल वाचताना पावसानंतरची उघडीप आधी शोधा

मे महिना सरत आला की व्हॉट्सॲपवर पावसाचे रंगीत नकाशे फिरू लागतात आणि आपल्या जिल्ह्यावर जोरदार पावसाचा जांभळा डाग दिसला की बियाण्याच्या पिशव्या फोडण्याची घाई सुटते. हे नकाशे सहसा खोटे नसतात. कोणत्या तरी जागतिक मॉडेलने, म्हणजे हवेचे गणित मांडणाऱ्या संगणकीय प्रणालीने, ते खरोखरच काढलेले असतात. मात्र मॉडेल कोणते, त्याची फेरी (नव्या निरीक्षणांवर ते चालवण्याची वेळ) कोणत्या दिवशीची आणि अंदाज किती दिवसांपुढचा, हे तिन्ही न पाहता कोरडवाहू सोयाबीन किंवा कपाशीच्या पेरणीचा निर्णय घेणे म्हणजे दुबार पेरणीला आमंत्रण देणे होय. स्वतः मॉडेल पाहण्याची आवड असलेल्या शेतकऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पहिला पाऊस कधी येईल, या प्रश्नापेक्षा जमिनीत पुरेशी ओल झाल्यावर पुढे किती दिवस उघडीप राहील, या प्रश्नाचे उत्तर पेरणीसाठी अधिक मोलाचे असते.

२०२५ चा खरीप आठवावा. त्या वर्षी मॉन्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. मे महिन्यातच वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आलेला पाहून पेरणीचा मोह होणे स्वाभाविक होते. परंतु महिनाअखेरीस मॉन्सूनची वाटचाल थबकली आणि जूनच्या मध्यापर्यंत ती जवळजवळ ठप्पच राहिली. त्याच हंगामात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतील सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेला स्थानिक अंदाज एसएमएसने पाठवला होता, आणि हा खंड त्या अंदाजात आधीच दिसत होता. मॉडेलचा खरा उपयोग इथे आहे.

हौशी वाचकाने सुरुवात दोन मॉडेलांपासून करावी. अमेरिकेचे जीएफएस दिवसातून चार वेळा चालते, सोळा दिवसांपर्यंतचे चित्र देते आणि पूर्णपणे मोफत आहे. मॉडेल पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकून प्रत्येक चौकोनासाठी एक अंदाज काढते; जीएफएसच्या जाळीचा चौकोन सुमारे १३ किलोमीटरचा आहे. युरोपीय हवामान केंद्राचे ईसीएमडब्ल्यूएफ मॉडेल सुमारे ९ किलोमीटरच्या जाळीवर चालते. विंडीसारख्या ॲपवर ही दोन्ही, तसेच जर्मनीचे आयकॉन, एकाच ठिकाणासाठी शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. पहाटे साडेपाचच्या निरीक्षणांवर चालणाऱ्या फेरीचे चित्र जीएफएसमध्ये सकाळी दहाच्या आसपास आणि ईसीएमडब्ल्यूएफमध्ये दुपारी साडेबारा-एकपर्यंत पूर्ण होते, त्यामुळे सकाळी सात वाजता उघडलेला नकाशा बहुधा आदल्या दिवशीच्या निरीक्षणांवरचा असतो. भारताचे स्वतःचे मॉडेलही आता मागे नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली आणि मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम ६ किलोमीटरच्या जाळीवर चालते.

तरीही ६ किलोमीटरच्या चौकोनात आपला बांध वेगळा दिसत नाही. जूनच्या आरंभी पडणारा वळीव हा दोन-चार किलोमीटर व्यासाच्या ढगाचा खेळ असतो. जागतिक मॉडेल त्याला स्वतंत्रपणे पाहू शकत नाही, फक्त त्या चौकोनात असे ढग वाढण्याजोगी हवा आहे, एवढे सांगते. म्हणून मॉडेलने दाखवलेले २० मिमी एका गावाला ६० मिमी आणि शेजारच्या गावाला शून्य, असेही प्रत्यक्षात येऊ शकते. डोंगराजवळ हा फरक अधिकच तीव्र होतो. महाबळेश्वर आणि वाई यांच्यात जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरचे अंतर असले, तरी महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिमीहून अधिक पाऊस पडतो आणि वाईच्या वाट्याला त्याचा लहानसा हिस्साच येतो. मॉडेलमधला सह्याद्री खऱ्या सह्याद्रीपेक्षा बुटका आणि गुळगुळीत असल्यामुळे घाटमाथ्याचा पाऊस त्यात पूर्वेकडे पसरलेला दिसू शकतो, आणि पर्जन्यछायेतील शेतकऱ्याची फसगत होते.

याच कारणासाठी जूनमध्ये पावसाच्या नकाशाआधी वाऱ्याचा नकाशा पाहावा, असे आमचे मत आहे. ८५० हेक्टोपास्कल हवादाबाची, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीची पातळी निवडावी. अरबी समुद्रावरून कोकण किनाऱ्याकडे येणारे पश्चिमी वारे तेथे सलग आणि जोरकस दिसत असतील, तर पाऊस मोसमी प्रवाहाचा आहे आणि तो टिकण्याची शक्यता चांगली आहे. वारे मंद किंवा उत्तरेकडून फिरलेले असतील आणि तरीही नकाशा दुपारनंतरचा पाऊस दाखवत असेल, तर तो वळीव समजावा. त्याच्या भरवशावर पेरू नये.

आता उघडीप कशी शोधावी? सहाव्या-सातव्या दिवसाच्या पुढे मॉडेलची एकच फेरी पाहण्यात अर्थ नाही. चौदाव्या दिवशी २०० मिमी दाखवणारे जीएफएस पुढच्याच फेरीत तो पाऊस ओडिशाला नेऊन ठेवते, हे कोणत्याही हौशी वाचकाच्या परिचयाचे आहे. त्याऐवजी समूह अंदाज पाहावा. ईसीएमडब्ल्यूएफ आरंभीच्या स्थितीत थोडेथोडे बदल करून एकाच वेळी ५१ अंदाज काढते. आठव्या ते पंधराव्या दिवसांत त्यांतील बहुतेक अंदाज कोरडे असतील, तर एखाद्या फेरीतला जांभळा डाग दुर्लक्षित करावा. अंदाज अर्धे ओले आणि अर्धे कोरडे असतील, तर मॉडेलला अद्याप काही ठरवता आलेले नाही, असाच अर्थ घ्यावा आणि दोन दिवस थांबून पुन्हा पाहावे. त्यापुढच्या काळासाठी भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्यातील आठवडावार नकाशे किती मिमी पडेल हे सांगण्यासाठी नसून सरासरीपेक्षा कमी की जास्त, एवढेच सांगण्यासाठी असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात आपला विभाग सलग तुटीचा दिसत असेल, तर पेरणीची घाई करू नये.

हवामान विभागाच्या मराठी अंदाजातील शब्दही नेमके असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या प्रदेशातील पाव किंवा त्याहून कमी पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस. त्यामुळे ‘तुरळक ठिकाणी जोरदार’ या इशाऱ्याने आपल्या शेतात ओल होईलच, असे मानता येत नाही. दिवसाचा पाऊस सकाळी ८:३० ते दुसऱ्या सकाळी ८:३० असा मोजला जातो. घरच्या पर्जन्यमापकाची नोंदही त्याच वेळी घ्यावी, म्हणजे आपल्या महसूल मंडळाच्या आकड्याशी ती ताडून पाहता येते.

निर्णयाचा क्रम असा ठेवावा. प्रथम शेतात प्रत्यक्ष पडलेला पाऊस ७५ ते १०० मिमी झाला आहे का, हे पाहावे. ही अट मॉडेलमधल्या भावी पावसाने पूर्ण झाल्याचे मानू नये. त्यानंतर वाफसा तपासावा आणि मगच पुढील पंधरा दिवसांचा समूह अंदाज उघडावा. पेरणीनंतर तीन-चार दिवसांची उघडीप उगवणीला पोषकच ठरते, परंतु दहा-बारा दिवसांचा खंड संभवत असेल, तर हलक्या जमिनीवर पेरणी पुढे ढकलावी. भारी जमिनीत, ओल खोलवर गेलेली असल्यास, रुंद सरी वरंबा पद्धतीने (रुंद वरंब्यांवर पीक आणि मधे पाण्यासाठी सरी) पेरणीचा विचार करता येईल. सोयाबीनला १५ जुलैपर्यंत अवधी असल्याने आठवडाभर थांबण्याची किंमत दुबार बियाण्याच्या खर्चापेक्षा कमीच असते. मूग आणि उडदाला मात्र ही सवलत नाही. ही पिके जुलैच्या पहिल्या आठवड्यापलीकडे लांबवू नयेत. तोवर ओल झाली नाही, तर त्या क्षेत्रासाठी पर्यायी पीक ठरवावे आणि मंगळवार-शुक्रवारी निघणारी आपल्या जिल्ह्याची कृषी हवामान सल्ला पत्रिका मेघदूत ॲपवर पाहून बियाण्याची तजवीज करावी.